एसीची हवा

आमच्या गाडीतला एसी बिघडलेला नव्हता, हे पहिल्यांदाच सांगून टाकतो. कारण ही हकीकत आता जालन्यापासून भोकरदनपर्यंत बऱ्याच तोंडांतून फिरली आहे आणि प्रत्येक तोंडात तिला नवा फाटा फुटला आहे. कोणी म्हणतं, काकासाहेबांना, म्हणजे मला, पोलिसांनी धरलं. कोणी म्हणतं, त्यांच्या गाडीत साड्या सापडल्या. कोणी म्हणतं, ते निवडणुकीला उभे आहेत. यातली साड्यांची गोष्ट तेवढी खरी आहे, आणि तीही पुरती नाही. एसी मात्र चालू होता, गार होत होता. फक्त त्याची हवा आमच्यापर्यंत पोचत नव्हती.

गाडी म्हणजे फिरतं घर. मी एका बियाणे कंपनीत डिस्पॅचला आहे. कंपनीने आपला जुना प्रचाररथ भंगारात काढला, तो मी आणि शेजारचे बद्रीनारायणजी यांनी भागीत घेतला आणि आत पलंग, ओटा, छोटी मोरी आणि छतावर एसी बसवून घेतला. रथाचं घर झालं खरं, पण रथ पुरता गेला नाही. छतावरचे दोन भोंगे काढले तर भोकं पडतील आणि भोकांतून पाणी गळेल, असं बॉडीवाल्याने सांगितल्यामुळे भोंगे राहिले. बाजूच्या पत्र्यावर रंगाचे दोन हात मारले, तरी उन्हात गाडी तापली की खालून 'एकच निर्धार, उतारा दमदार' ही जुनी अक्षरं पुसट वर यायची. उतारा म्हणजे पिकाचा उतारा. पण ज्याला हे माहीत नाही त्याचा काय समज होईल, हा विचार तेव्हा कोणाच्याही डोक्यात आला नाही. ड्रायव्हरसमोरचा माइक आणि बटणांची एक लांबलचक रांगही तशीच होती. त्यातलं कोणतं कशाचं, हे फक्त कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरला ठाऊक होतं आणि तो नाशिकला मुलाकडे राहायला गेला होता.

गाडीची नोंद बदलायला गेलो तेव्हा खिडकीतल्या साहेबांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "घर हाय तर घरपट्टी भरा. गाडी हाय तर मोरी कशाला?" मी म्हणालो, फिरतं घर आहे. ते म्हणाले, "मंग फिरून या." मी फिरून आलो. पुष्कळदा आलो. तो एक स्वतंत्र ग्रंथ आहे, तो इथे उघडत नाही.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. माझी आई, गोजरबाई, पिंपळगाव रेणुकाईची माहेरवाशीण. चैत्रात रेणुकाईची ओटी भरायला ती दरसाल जाणार म्हणजे जाणार. मागच्या वर्षी एसटी स्टँडवरच तिला उन्हाचा झटका बसला, सलाइन लावावं लागलं आणि डॉक्टरांनी बजावलं, "यापुढे उन्हाळ्यात आजींचा प्रवास बंद."  आईने ओटीचा खण घडी करून पेटीत ठेवला आणि नंतर रोज पेटी उघडून तो जागेवर आहे ना, एवढं बघायला लागली. माझ्याने ते बघवेना. एक दिवस मी तिच्यापुढे जाऊन छाती ठोकून म्हणालो, "आई, या चैत्रात तुला पिंपळगावला असं गार नेतो, असं गार नेतो, की गोधडी मागशील." आई म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे करारावर शिक्का असतो.

चैत्र लागला. जालन्यातल्याच मोती तलावापर्यंत गाडीची पहिली फेरी काढली. एसी सुरू केला तर आवाज पिठाच्या गिरणीचा आणि हवा म्हणाल तर, बायकोने छताच्या जाळीखाली उदबत्ती धरली, धूर देवघरात जातो तसा शांतपणे सरळ वर गेला. माझ्या बायकोचं नाव शीतल आहे. ती म्हणाली, "अहो, यापेक्षा माझं नावच आईंना जास्त गारवा देईल." मी उदबत्ती विझवली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस कुठे गप्प बसायचं ते शिकतो.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणसाला ताप आला तर निदान डॉक्टरला विचारतात, एसीच्या बाबतीत मात्र गल्लीतला प्रत्येक जण एमडी असतो. दूधवाला म्हणाला, ग्यास. पेपरवाला म्हणाला, ग्यास. समोरच्या चतुराबाई, ज्यांच्या घरी एसीच काय, कूलरसुद्धा नाही, त्याही गाडीभोवती एक चक्कर मारून ठामपणे म्हणाल्या, "ग्यास गेला असंल." बद्रीनारायणजींचा पुतण्या अमन एसी दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला बोलावलं. त्याने घड्याळासारखं यंत्र लावलं, काटा पाहिला आणि म्हणाला, "काका, ग्यास एकदम बराबर हाय." मी म्हणालो, "मंग?" तो विचार करून म्हणाला, "मंग थोडा अजून भरून देऊ का?"

बद्रीनारायणजींचं मत निराळंच होतं. त्यांचं लोखंडाचं दुकान, त्यामुळे पत्र्यावर त्यांचा विश्वास दांडगा आणि विजेवर मुळीच नाही. "काकासाहेब, मी काय म्हणून राह्यलो, वाळ्याचे पडदे लावा अन् पाणी मारत चला. आमचे दादाजी मारवाडातून इकडं आले तवा कुठं एसी होता?" मी म्हटलं, दादाजी उंटावर आले असतील, उंटाला खिडक्या नसतात. ते दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी वाळ्याचा पडदा घेऊनच आले.

शेवटी मी स्वतः हात घातला. मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहिले. भाषा कळत नव्हती, पण माणूस कुठे बोट दाखवतोय ते कळत होतं. एसीखालचा पत्रा उघडला आणि खरोखर रोग सापडला. एसीच्या पोटात दोन कप्पे असतात. एकातून तो गाडीतली गरम हवा आत ओढतो, दुसऱ्यातून गार हवा छताच्या पोकळीतल्या नळीत ढकलतो. या दोन कप्प्यांमधली भिंत आमच्या बॉडीवाल्याने अर्धवटच ठेवली होती. त्यामुळे गार हवा बाहेर पडायच्या आत मशीनच ती परत गिळत होतं. म्हणजे सगळी मलई वाटणाऱ्याच्याच ताटात, पंगत कोरडी. मी पत्र्याचा तुकडा बसवला, सगळ्या फटींवर चांदीसारखी चिकटपट्टी मारली. पट्टी माझ्या केसांनाही लागली आणि ती सोडवताना शीतलने डोक्याच्या मधोमध कात्री चालवली. तिथे अजून टोपी घालतो.

पण हवा! बटण दाबलं आणि चारही जाळ्यांतून अशी सोसाट्याची गार हवा सुटली की ओट्यावरचे कागद उडाले. बद्रीनारायणजी दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि "शिमला! शिमला!" म्हणून ओरडले. त्यांच्या पत्नी पानबाई शाल आणायला घरी गेल्या. मी आईला हात धरून गाडीत आणलं, पलंगावर बसवलं आणि स्वतः जाळीखाली डोकं धरून विजयी मुद्रेने उभा राहिलो. टोपी काढलेली, केस उडतायत. आईने हवेकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आरं, कान झाक."

मी हसलो. सगळेच हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी पुन्हा सुरू केली तर आवाज गिरणीचा आणि हवा शून्य. मी परत पत्रा उघडला. भिंत जागेवर, पट्टी जागेवर. परत लावला, परत उघडला. छताच्या जाळ्या उघडून पाहाव्यात हे मला सुचलं नाही, कारण त्या जाळ्या मीच पुसून लावल्या होत्या, आणि स्वतः केलेल्या कामावर संशय घ्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. शेजारी पुन्हा जमले. "ग्यास," चतुराबाई म्हणाल्या, आणि यावेळी त्यांच्या आवाजात समाधान होतं.

ओटी भरायची पौर्णिमा दुसऱ्या दिवसावर आली होती. रात्री ठरवलं, आईला सांगायचं की जमत नाही. सकाळी उठलो तर आई नवं लुगडं नेसून, ओटीची पिशवी मांडीवर घेऊन गाडीत जाऊन बसलेली. पिशवीतून खणाचा कोपरा दिसत होता. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "निघू या, उन्हाच्या आत पोचू." 

उन्हाच्या आत आम्ही पोचलो असतो. पण बद्रीनारायणजी पूजा आटोपून, नाश्ता आटोपून, वाळ्याचा पडदा भिजवून आले. वर त्यांना हसनाबादेत राहणाऱ्या व्याह्यांना गाडी दाखवायची होती. "बस, दहा मिनिटाचं काम, जल्दी निघू." व्यापारी माणसाची दहा मिनिटं आणि आमची दहा मिनिटं यांचं माप वेगळं असतं. हसनाबादच्या अलीकडच्या एका गावात आम्ही शिरलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. त्या गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या रस्त्याने मला अजून जावं लागतं.

गावात आठवडी बाजार भरला होता आणि ग्रामपंचायतीची निवडणूकही होती. जिकडे तिकडे बॅनर. त्यांवर काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही, कारण घाम डोळ्यांत उतरत होता. बाजाराच्या ऐन मध्यात गाडी अडकली. पुढे भाजीचा टेम्पो, मागे बैलगाडी. गाडीच्या पत्र्यावर पोळी भाजली असती. मागे शीतल ओल्या पंच्याने आईला वारा घालत होती. आईचा चेहरा लाल झालेला मला आरशात दिसला.

"बद्रीजी, काही तरी करा!"

बद्रीनारायणजींनी समोरच्या रांगेतलं एक बटण दाबलं. "ह्यानं फुल स्पीड होते वाटतं."

हवा काही वाढली नाही. कुठेतरी वर 'खर्रर्र' झालं, पण एसीच्या गिरणीपुढे तिकडे आमचं लक्ष गेलं नाही. मी वैतागून मोठ्याने म्हणालो, "एसीवर भरवसा ठिवला हीच चूक झाली!"

"मी तर पहिल्यापासून म्हणून राह्यल्तो," बद्रीनारायणजी म्हणाले. "एसीत काही दम न्हाई. नुसता आवाज."

"एवढा खर्चा केला, अन् हवा कुठंच न्हाई!"

"अहो, त्याच्यापेक्षा पंखा बरा," मागून शीतल ओरडली. "पंख्याची सर कशालाच न्हाई!"

"आरं, मंग बंद करा की त्या एसीला," आई म्हणाली, "अन् पंखा आणा!"

बाहेर टाळ्या पडल्या. मी पाहिलं तर सगळा बाजार आमच्या गाडीकडे तोंड करून उभा. कोणी शिट्ट्या मारत होतं, एकाने टोपी उडवली. मला वाटलं, फिरतं घर या लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं असणार. माणसाला कौतुकाची भूक असते. मी खिडकीतून हात हलवला.

एवढ्यात एका बुलेटवरून पांढऱ्या कपड्यांतला एक गृहस्थ गाडीपुढे आडवा आला. "उतरा खाली! किती घेतले पंखावाल्यांकडून?"

मी खिडकीतून डोकं काढून म्हणालो, "कोण पंखावाले?" आणि माझाच आवाज आभाळातून परत आला, "कोण पंखावाले?" वर पाहिलं. भोंगे. मग शेजारचा बॅनर वाचला. त्यावर याच गृहस्थांचा हात जोडलेला फोटो होता, खाली नाव 'अंगदराव', आणि त्याखाली ठळक अक्षरांत, 'आपली निशाणी : एसी. एसीसमोरील बटण दाबून प्रचंड मतांनी विजयी करा.' समोरच्या खांबावर विरोधी पॅनलचा बॅनर होता. त्यांची निशाणी पंखा.

लोकशाहीत कपबशी, शिट्टी, नारळ, सगळ्या निशाण्या असतात हे मला माहीत होतं. एसीही असतो हे त्या भर दुपारी कळलं.

मी घाईघाईने खुलासा करायला गेलो. बटण बंद करायचं मात्र राहिलं. "तसं न्हाई हो, अंगदराव! एसी एकदम चांगला हाय! एसीची हवा बी हाय! मधीच कोणीतरी ती अडवून राह्यलंय, लोकांपर्यंत पोचू देईना!"

हे सगळ्या बाजाराने ऐकलं. अंगदरावांचा चेहरा खुलला आणि आता पंखावाले धावून आले. "आचारसंहितेत भोंगा लावून एसीचा प्रचार? बोलवा पथकाला!" एका मिनिटापूर्वी ज्याने माझ्यासाठी टोपी उडवली होती तोच सर्वांत पुढे होता. राजकारणात लोकप्रियता कशी जाते, हे लोक वर्षानुवर्षांनी शिकतात. मी दोन वाक्यांत शिकलो.

निवडणुकीचं भरारी पथक बाजाराच्या टोकालाच होतं. पथकप्रमुख आकांक्षा मॅडम, वय लहान, ओढणीने तोंड बांधलेलं, बरोबर एक हवालदार आणि सगळ्याचं चित्रीकरण करणारा एक कॅमेरावाला. मॅडमनी भोंगे पाहिले. हवालदाराने रांगेतली सगळी बटणं एकामागून एक दाबून अखेर आवाज बंद केला. मग मॅडमची नजर पत्र्यावर गेली. उन्हाने अक्षरं छान वर आली होती.

"एकच निर्धार, उतारा दमदार. हा उतारा कोण? उमेदवार हाय का?"

मी सांगितलं, पिकाचा उतारा, कपाशीचं बियाणं, जुनी जाहिरात. मॅडमनी तोंडावरची ओढणी खाली केली. "मी कृषी खात्यातलीच हाय. निवडणुकीपुरती इकडं आल्ते. हेच वाण आमच्या बाबांनी लावल्तं का काय? उगवलंच न्हाई." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी डिस्पॅचला असतो, उगवणीशी माझा संबंध नाही, हे मी टोपी काढून सांगायला लागलो.

गाडीची झडती सुरू झाली. पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं. मोरी कशासाठी, हे इथेही विचारलंच. मग हवालदाराने काठीने छत ठोकलं. "मॅडम, छत पोकळ हाय."

"ती एसीची नळी हाय," मी म्हणालो.

"हवा तर येईना," हवालदार म्हणाला आणि त्याने माझ्या सीटच्या वरची जाळी खटकन उघडली. आत हात घातला. त्याचे डोळे मोठे झाले. "मॅडम, कापड हाय."

त्याने टोक धरून ओढलं. हिरवं कापड बाहेर यायला लागलं. येतच राहिलं. हवालदार मागे सरकत सरकत दारातून बाहेर गेला तरी कापड संपेना. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "साड्या! साड्या घावल्या!" आणि बाजाराचा जो एक भाग अजून भाजी घेत होता तोही आला. दुसरी जाळी उघडली, लाल लुगडं निघालं. तिसऱ्यातून अंजिरी. कॅमेरावाला आनंदाने थरथरत होता. मी सीटला धरून उभा होतो. आयुष्यभर कंडक्टरने चुकून जास्त दिलेले सुटे पैसेसुद्धा ठेवून घेतले नाहीत, आणि आता मतदारांना साड्या वाटताना पकडलो गेलो, हे कंपनीत कसं सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होतो. त्याहून वाईट म्हणजे मॅडम म्हणाल्या, "गाडी तहसीलला न्यावी लागंल." गाडी गेली की आई या उन्हात रस्त्यावर. ओटी राहिली. माझं 'असं गार नेतो' राहिलं.

हवालदाराने चौथ्या जाळीतलं, नळीच्या तोंडाशीच बसलेलं लुगडं उपसलं, आणि भस्सकन गार हवा आली.

चारही जाळ्यांतून आली. मॅडमच्या हातातले कागद उडाले. हवालदाराची टोपी उडाली. तो आहे तिथेच डोळे मिटून उभा राहिला आणि "आ हा हा" म्हणाला. दारात दाटलेले एसीवाले आणि पंखावाले एकदमच आत सरकले. बद्रीनारायणजी स्वतःला आवरू शकले नाहीत. "शिमला!" ते म्हणाले.

"हात लावू नका माझ्या लुगड्यांना," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आईने ओढणी खाली केलेल्या मॅडमना जवळ बोलावलं आणि एकेक लुगडं हातात घेऊन सांगायला लागली. "हे हिरवं ह्याच्या बारशाचं. इथं जळालंय ते दिवाळीचं. हे लाल कुणाला वाटणार बाई? बघ, तीन ठिकाणी फाटलं म्हणून जोडून दंड घातलेत."

अंगदराव मागून म्हणाले, "जुनी हायत खरी." पंखावाल्यांतला एक म्हणाला, "असली कोण घेईल? मत जाईल उलट." निवडणुकीत पहिल्यांदाच दोन्ही पॅनलचं एकमत झालं.

"पंचनामा तर करावाच लागंल," मॅडम म्हणाल्या. बाहेर ऊन पाहून त्या आमच्या पलंगावर टेकल्या. हवालदार ओट्यावर बसला. दोन्ही पॅनलचे पंच खाली बसले आणि कोणी कोणाच्या मांडीबद्दल तक्रार केली नाही. शीतलने सगळ्यांना पाणी दिलं. मॅडमनी पेन उघडलं. "आजी, ही लुगडी वर तुम्हीच घातली?"

"मीच. पानबाईनं धरलं, मी पलंगावर चढले."

"कामून?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "ह्याचा कान लहानपणी फुटायचा. जरा वारं लागलं की रातभर रडायचा. मी लुगड्याच्या चिंधीनं कान बांधून मांडीवर घिऊन बसायचे. परवा बघितलं तर त्या भोकातलं सारं वारं ह्याच्या डोक्यावर. कान झाक म्हणलं तर हसला. कोणत्या भोकातलं वारं ह्याच्याकडं जातंय ते मला कळंना, म्हणून सगळीच बुजवली."

"पण आजी, तुम्हाला उकडलं ना! तुम्हाला ऊन सोसत न्हाई म्हणून राह्यले हे."

"मला काय, ऊन सवयीचं हाय. त्याला वारं सोसत न्हाई."

 माझे केस पिकलेत, मधोमध कापलेलेही आहेत, आणि दोन पॅनल, एक हवालदार आणि एक कॅमेरा यांच्यासमोर माझा कान चर्चेला निघाला होता. मला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त, मला भरून आलं. मी आईसाठी गार हवा आणायला पंधरवडाभर छताशी झगडलो होतो आणि ती माझ्यासाठी ती अडवून, लाल चेहऱ्याने उकडत बसली होती. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बद्रीनारायणजींनी वाळ्याच्या पडद्याने डोळे टिपले. पडदा ओलाच असल्याने फरक पडला नाही.

मॅडमनी लिहून वाचून दाखवलं, "सदर लुगडी मतदारांस वाटपासाठी नसून, मुलाच्या कानात वारे जाऊ नये म्हणून आईने ठेवलेली आढळली. सबब आचारसंहितेचा भंग दिसून येत नाही." दोन्ही पॅनलच्या पंचांनी सह्या केल्या. सह्या करूनही कोणी उठेना. अंगदराव म्हणाले, "मॅडम, एकदा परत वाचता का?" शेवटी हवालदारानेच एकेकाला दंड धरून उतरवलं आणि स्वतः सर्वांत शेवटी उतरला. मॅडमनी भोंगा पुन्हा वाजला तर गाडी जमा करीन, अशी तंबी दिली आणि आईच्या पाया पडून गेल्या.

हसनाबादेत व्याह्यांना गाडी दाखवली. त्यांनी आत बसून "वाह" म्हटलं आणि तिसऱ्या वाहला आई म्हणाली, "आता निघा." भोकरदन ओलांडेपर्यंत गाडी इतकी गार झाली की मागून आवाज आला, "शीतल, गोधडी हाय का गं?" मी ऐकलं. आयुष्यात बढतीचं पत्र मिळालं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. "पण आधी त्याला दे," आई म्हणाली, आणि शीतलने हिरवं लुगडं माझ्या डोक्याभोवती गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारली. मी मारू दिली.

पिंपळगावला रेणुकाईच्या देवळात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आईने पिशवीतला खण देवीच्या ओटीत घातला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. तिचा चेहरा गार होता. देवीशी काय बोलली ते मला कळलं नाही. मी लांब उभा होतो आणि कान बांधलेले होते.

येताना भोकरदनच्या चौकात गाडी थांबली. संध्याकाळची वर्दळ होती. बद्रीनारायणजी कुडकुडत म्हणाले, "काकासाहेब, हवा थोडी कमी करतो," आणि त्यांनी रांगेतलं एक बटण दाबलं. कुठेतरी वर 'खर्रर्र' झालं. मी घाबरून त्यांचा हात धरणार, तेवढ्यात टपरीवरच्या एका माणसाने भोंगे पाहिले, डोक्याला लुगडं बांधलेला मी पाहिला, आणि खिडकीशी येऊन विचारलं, "काय साहेब, हवा कोणाची हाय?"

मी उत्तर देण्याआधीच मागून, गोधडीतून, आईने दिलं. साऱ्या भोकरदनने ते ऐकलं.

"माझ्या लेकाची!"